सात पन्नासचा तास

पहाटे 5.30
बी.कॉम. भाग दोनच्या पोरांना आज एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो अजून जमलेला नाही. पाठकोऱ्या कागदावर माझी आकडेमोड चालू आहे. 2025-26 च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, क्विंटलला 355 रुपये, तीही 10.25 टक्के साखर उताऱ्याला. उतारा 0.1 टक्क्यानं वर गेला की 3.46 रुपये वाढतात, खाली आला की तेवढेच कमी होतात. पण साडेनऊच्या खाली तो कितीही घसरला तरी दर 329.05 वर थांबतो. हे शेवटचं कलम ऊसवाल्या घरांतही फारसं कुणाच्या ध्यानात नसतं, म्हणून प्रश्न तिथंच बसवायचा: उतारा 9 टक्के लागला, तर टनाला दर किती?

बरोबर उत्तर लिहायला मिनिट लागलं. चुकीची दोन शोधायला अर्धा तास गेला. चूक अशी हवी की हुशार पोरगंही हमखास फसावं. शेवटी 3550, 3117.50 आणि 3290.50 असे तीन पर्याय ठरले.

7.20
आष्ट्याच्या स्टँडवर उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी अडकलेली. दुधगाव, कवठेपिरान, बागणीकडची पोरं तिच्यातूनच येतात. कोणत्याही अध्यापनपद्धतीचं यश आधी या गाडीवर अवलंबून असतं, हे पुस्तकवाल्यांनी कुठं लिहिलेलं नाही.

याच दुधगावात 1910 मध्ये भाऊराव पाटलांनी सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. काल्याला त्यांची रयत शिक्षण संस्था उभी राहिली ती 1919 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. कमवत शिकणं ही आमच्या भागात जुनीच गोष्ट. आजही माझ्या वर्गातली दोन पोरं धारा काढून, डेअरीला दूध घालूनच येतात. ती पेंगली तर मी ओरडत नाही.

7.50
पटावर 68, समोर 41. अकरा वर्षं मी या वर्गात नोट्स सांगितल्या. मी सांगायचो, पोरं माना खाली घालून लिहायची आणि शांततेला मी लक्ष समजायचो. पुढं मोबाईल आले, माना खालीच राहिल्या, फक्त लिहिणं बंद झालं. तेव्हा कुठं मला शंका आली.

आजचा प्रश्न फळ्यावर लिहिला. "बोलायचं नाही. डोळे मिटा आणि छातीशी बोटं धरा. पहिला पर्याय असेल तर एक, दुसरा असेल तर दोन." मोबाईलवर मतदान घेता येतं, पण निम्म्यांचा डेटा संपलेला असतो. बोटं संपत नाहीत.

बरोबर 14. चुकलेले 27, आणि त्यातले बहुतेक 3117.50 वर. मला हेच हवं होतं. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हीच रीत चालवली. प्रश्न टाकायचा, मत घ्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचा, पुन्हा मत घ्यायचं. सगळ्यांनाच येत असेल तर वादात दम नाही, कुणालाच येत नसेल तर आधी शिकवावं लागतं. मधल्या पट्ट्यातच गंमत.

"आता शेजाऱ्याला पटवा."

वर्ग तापला. "आरं, दहा पंचवीसमधनं नऊ वजा कर की!" "कर की, पण साडेनऊला थांबतंय त्ये." "कुठं लिवलंय?" कवठेपिरानचा एक पठ्ठ्या रोज तालमीत जातो. त्यानं मला ही पद्धत माझ्यापेक्षा नीट समजावली होती: "सर, वस्ताद डाव दाखवून थांबत न्हाई, जोड लावतो." हिंदकेसरी मारुती माने यांच्या गावच्या पोराकडून हे ऐकल्यावर हार्वर्डचं नाव घ्यायला जरा संकोचच वाटतो.

दुसऱ्या मताला 33 बरोबर. मग मी पाच मिनिटं बोललो, आणि ती पाच मिनिटं ऐकली गेली.

8.40
भाग तीनचा तास फसला. 'जिगसॉ' घेतलं होतं. धड्याचे चार तुकडे करायचे, एकेकानं एकेक शिकायचा आणि आपल्या गटाला शिकवायचा. एलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत हे सुरू केलं. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एकमेकांची गरज पडावी म्हणून. माझ्याकडं तिसरा तुकडा ज्यांच्याकडं होता ते ट्रॉल्यांमागं अडकलेल्या एसटीत होते. गट बिनचाकाच्या गाडीसारखे बसून राहिले. पुढच्या वेळी प्रत्येक तुकड्याला दोघं.

10.15
स्टाफरूम. "काय हो सर, तुमच्या वर्गात भांडणं लागलीत म्हणे?" एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, हे खेळ मोठ्या वर्गात चालत नाहीत. आयआयटी मुंबईत 2013 मध्ये प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात आधी एकट्यानं विचार, मग जोडीत, मग सर्वांसमोर ही रीत तपासली गेली. सरासरी 83 टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. "ती आयआयटीची पोरं," असं उत्तर आलं. मी म्हणालो, आमची तर उसातली आहेत, उसावर जास्त भांडतील.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. सिलॅबस मागं पडतो. गेल्या सत्रात शेवटचं युनिट मला जादा तास घेऊन उरकावं लागलं, आणि ते नुसतं नोट्स सांगूनच.

11.30
घरी दिलेला प्रकल्प चॅटजीपीटी लिहितो, हे मला कळतं आणि मला कळतं हे पोरांनाही कळतं. म्हणून यंदा सांगितलं, घरातलं उसाचं बिल आणा, नाव झाका आणि प्रत्येक कपातीचा अर्थ लिहा. कल्पनेवर मी खूश होतो. आज एक मुलगी ग्रंथालयात येऊन हळूच म्हणाली, "सर, आमच्याकडं ऊस नाही. आई लोकांच्यात भांगलायला जाते."

वाळवा तालुक्यात प्रत्येकाच्या घरी ऊस असतो, असं मी गृहीत धरलं होतं. तिला म्हणालो, आईच्या आठवड्याच्या मजुरीचा हिशेब आण, तोही तेवढाच चालेल. ती गेल्यावर बराच वेळ मला काही वाचवलं नाही.

रात्री 9.00
तास संपताना घेतलेल्या चिठ्ठ्या. एका मिनिटात एकच ओळ: काय कळलं नाही? नाव घालायचं नाही. निम्म्या कोऱ्या, दोनांत मॅचचा स्कोअर. एकीत: 'आमचं रान कारखान्याजवळ, तरी वाहतूक लांबच्याएवढीच का कापतात?' झकास प्रश्न. हा शुक्रवारी.

सगळ्यात खालची चिठ्ठी वहीच्या कोपऱ्याची, घडी घातलेली: 'उसाचा दर वाढला की भांगलणीचा रोज किती वाढतो?'

या प्रश्नाचे तीन पर्याय मला अजून लिहिता आलेले नाहीत. उद्या सात पन्नासला तो तसाच फळ्यावर लिहिणार आहे.