गोठ्याखालची भुयारं

बव्हेरियात किंवा शेजारच्या ऑस्ट्रियात कधी ट्रॅक्टरचं चाक अचानक जमिनीत खचतं, कधी जुन्या शेतघराचं तळघर खोदताना कुदळ पोकळीत जाते. खाली मध्ययुगीन भुयार निघतं. तिकडे त्याला 'एर्डश्टाल' म्हणतात. एकट्या बव्हेरियात अशी सुमारे ७०० भुयारं ठाऊक आहेत; बरीचशी शेतघरांखाली, काही चर्च आणि दफनभूमीजवळ.

मी बोगद्यांच्या कामातला अभियंता, म्हणून अशा एका भुयारात मुद्दाम उतरलो. वाट जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद, उंची मीटरभर. रांगतच पुढे सरकायचं. मग लागतं 'श्लुप्फ', म्हणजे वरच्या टप्प्यात नेणारं ४० सेंटिमीटरचं गोल भोक. आधी एक हात, मग डोकं, मग अंग तिरपं करून दुसरा खांदा. पलीकडे दिव्यासाठी कोनाडे, शेवटी मातीतच कोरलेला बाक. तिथे वाट संपते. बाहेर पडायला दुसरं तोंड नाही.

मग हे खोदलं कशासाठी? आपल्याकडच्या पेवासारखं धान्य साठवावं, तर आत ओल आणि भोकातून पोतं जाणार नाही. शत्रूपासून लपावं, तर माणसं बसली की हवा कोंदते. तोंडाशी कुणी धूर केला तर सगळंच संपलं. तरी थोडा वेळ दडण्यापुरती ती असावीत, असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती मृतात्म्यांसाठीची रिकामी थडगी. सापडलेल्या कोळशावरून बहुतेकांचा काळ दहावं ते तेरावं शतक ठरतो. पण त्या काळच्या कागदपत्रांत यांच्याबद्दल अवाक्षर नाही आणि आत वस्तूही फारशा सापडत नाहीत.

लांबर्ट कार्नर या ऑस्ट्रियन धर्मगुरूंनी मेणबत्तीच्या उजेडात सुमारे ४०० भुयारं पालथी घातली आणि १९०३ मध्ये त्यांवर ग्रंथ काढला. त्यांनी खजिना शोधला नाही, भुयारंच नीट पाहिली. मला तीच रीत पटते. काही ठिकाणी खोदाईपुरता वेगळा उभा खड्डा घेऊन, माती बाहेर काढून तो पुन्हा बुजवलेला दिसतो. एवढा खटाटोप करणाऱ्यांनी एकच अरुंद तोंड ठेवलं, ते विचार करूनच.

म्हणूनच 'आत काही नाही' म्हणून भुयारात काँक्रीट ओतणं मला बघवत नाही. भिंतीवरचे टिकावाचे घाव, कोनाड्याची उंची, भोकाचं माप एवढाच पुरावा उरला आहे. जमीन खचली तर आत उतरण्याआधी हवा तपासा, पुरातत्त्व खात्याला कळवा, मापं घेऊ द्या. बुजवायचंच असेल तर त्यानंतर.