न झालेल्या खुनाचा तपास

धारच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं खुनाचं कारस्थान बहुधा कधी रचलंच गेलं नव्हतं. तरी गेली सातशे वर्षं लोक ते रंगवून सांगत आले आहेत.

बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त ते असं येतं. राजा मुंज हा काका आणि पोरका भोज हा पुतण्या. ज्योतिषी भाकीत करतो की हा मुलगा ५५ वर्षं, ७ महिने आणि ३ दिवस राज्य करील. मुंजाच्या पोटात कालवाकालव होते. तो वत्सराज नावाच्या आपल्या माणसाला हुकूम सोडतो, पोराला रानात ने आणि मुंडकं आणून दाखव. रानात भोज वडाच्या पानावर स्वतःच्या रक्ताने काकाला निरोप लिहितो. मोठमोठे राजे गेले, पण पृथ्वी कुणाच्या संगती गेली नाही, तुमच्या मात्र जाईल असं दिसतं, असा त्याचा रोख. वत्सराज विरघळतो, भोजाला घरात लपवतो आणि कारागिरांकडून हुबेहूब खोटं मुंडकं घडवून घेतो! ते पाहून, पान वाचून मुंज आगीत उडी घ्यायला निघतो.

आता तपासाला बसू. विदिशेकडच्या उदयपूरच्या मंदिरात मुंज-भोजांच्या परमार घराण्याची वंशावळ सांगणारा शिलालेख आहे. त्यात मुंजानंतर त्याचा भाऊ सिंधुराज आणि मग सिंधुराजाचा मुलगा भोज असा क्रम येतो. म्हणजे मुंज गेल्यावर भोजाचा बाप जिवंत होता, इतकंच नव्हे तर गादीवर होता. कवी पद्मगुप्ताने या सिंधुराजावर 'नवसाहसांकचरित' हे अख्खं महाकाव्य रचलं. पोरक्या पुतण्याची गोष्ट इथेच कोसळते.

मला सर्वांत मोठा पुरावा वाटतो तो त्या नेमक्या आकड्याचा. वर्षं, महिने, दिवस! माणूस मरून गेल्यावरच असं भाकीत लिहिता येतं. ही कथा सांगणारा मेरुतुंगाचा 'प्रबंधचिंतामणी' १३०५ च्या सुमाराचा, आणि भोज १०५५ च्या आसपास वारला. मध्ये अडीचशे वर्षं गेली. शिवाय भोजाची कारकीर्द साधारण १०१० पासून धरतात, म्हणजे ती ५५ वर्षंही भरत नाही.

मुंज खरा कसा होता? हलायुध आणि धनंजय यांच्यासारख्या विद्वानांचा आश्रयदाता. धारमध्ये त्याच्या नावाचा तलाव आहे. त्याचा शेवट कल्याणीच्या चालुक्य तैलपाच्या कैदेत झाला. अशा माणसाच्या माथी पोरहत्येचा डाग लागला, आणि पुरावा काय, तर काकाला पुतण्याचा हेवा वाटणारच ही सगळ्यांची खात्री. त्या खात्रीचं मला फार नवल वाटतं, आणि मुंजाबद्दल वाईटही वाटतं.

घरातल्याच माणसावरच्या अशा संशयाची दुसरी गोष्ट याच वारशातली. या परमारांचा वारसा सांगणारे मराठे पवार पुढे धार आणि देवास इथे राज्यावर आले. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं, दोन राजवाडे. तिथल्या थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्यांचा खासगी चिटणीस होता. १९२७ च्या अखेरीस त्यांचे १७ वर्षांचे युवराज विक्रमसिंह देवासमधून निसटले. वडील आपल्यावर विषप्रयोग करणार आहेत, असा त्यांचा आरोप होता. बाप-लेकात ते वैर कसं आलं, यावर पुढे खूप बोललं गेलं, पण खटला उभा राहिला नाही. राज्य कर्जात बुडालं, इंग्रज सरकार कारभाराच्या चौकशीच्या मागे लागलं, आणि १९३३ मध्ये तुकोजीराव फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले. १९३७ मध्ये तिथेच वारले. फॉर्स्टरने १९५३ च्या 'द हिल ऑफ देवी'त आपल्या मित्राची बाजू कळकळीने मांडली. तोवर विक्रमसिंह दुसरे शहाजी या नावाने कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले होते.