‘मालक शब्दाशब्दाला खेकसतात’

‘कशातच मन लागंना, रात्री तीनलाच जाग येते, हातपाय गळाल्यागत होतात.’ जालन्याच्या अंबड-घनसावंगीकडचा एखादा शेतकरी असं सांगतो, तेव्हा शेजारी बसलेली बायको भलतंच काही सांगते: ‘मालक आजकाल शब्दाशब्दाला खेकसतात.’ दोघांचं दुखणं मात्र एकच असू शकतं. पुरुषांचं नैराश्य कित्येकदा चिडचिडीतून, दारूतून बाहेर पडतं आणि स्वभावाच्या खात्यावर जमा होतं. बाईचं आळसाच्या खात्यावर.

2012-13च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. पुढे 2015मध्ये राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात जालनाही होता. या प्रकल्पात आशाताई घरी येऊन झोप, भूक, मनःस्थिती विचारतात. हे घरातच विचारलं जातं याचं मला फार मोल वाटतं, कारण या आजाराचा पहिला साक्षीदार जोडीदारच असतो.

आणि त्याच्या बोलण्याचा परिणाम मोजता येतो. जिल हूली आणि जॉन टीसडेल यांनी इंग्लंडमध्ये नैराश्याच्या 39 विवाहित रुग्णांना विचारलं, ‘तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो?’ 1989मध्ये निष्कर्ष आले. नऊ महिन्यांत आजार कोणाचा उलटेल, याचा अंदाज संसारातल्या एकूण कुरबुरींपेक्षा या एका उत्तरावरून अधिक नेमका बांधता आला. अभ्यास लहान होता, पण प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा. ‘उठा की आता, लोकांचे संसार बघा’ हे काळजीपोटीच म्हटलेलं असतं. आजारी मनाला मात्र तो आपल्या नालायकीचा पुरावा वाटतो.

मग करायचं काय? गोव्यात ‘संगथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून उपचार करून पाहिले. मन लागण्याची वाट न बघता आधी छोटं काम करायचं, उभारी मागून येते, हे त्याचं सूत्र. 2017मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे चांगले निष्कर्ष छापून आले. घरी हेच ‘चला, विहिरीपर्यंत जाऊन येऊ’ असं होतं. सोबत जायचं, उपदेश करायचा नाही.

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या की मळमळ आधी जाणवते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या याच दिवसांत घरचे गोळ्या बंद करतात. तसं करू नये. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालतात. कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

‘मी नसलेलंच बरं’ हे वाक्य कानावर आलं, तर माणसाला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवावीत आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, आणि फोन बायकोनं केला तरी चालतो. सांभाळून सांभाळून ती स्वतःच खचली असेल, तर स्वतःसाठीही.