अ + ई = बारामती!

दहावीला मी संस्कृत का घेतलं? स्कोअरिंग, बस! संधी पाठ केले, पेपरात उतरवले आणि सुट्टी लागताच विसरले. मग माझ्या एका लेखात ‘अत्याधिक’ छापून आलं. संपादकांनी त्यावर लाल गोल काढला. ‘‘संस्कृत होतं ना? मग फोड कर.’’

मी गप्प. खरं तर सोपं होतं. अति + अधिक = अत्यधिक. ‘अत्याधुनिक’मध्ये ‘त्या’ येतो, कारण तिथे ‘आधुनिक’चा ‘आ’ आहे.

लाज वाटली. त्या रविवारी मैत्रिणीला गाडी काढायला लावली आणि थेट मोरोपंतांचं (१७२९-१७९४) बारामती गाठलं. पंतांच्या गाजलेल्या काव्याचं नावच संधी आहे : केका + आवली = केकावली. केका म्हणजे मोराची हाक, आवली म्हणजे ओळ. आणि हा मोर कोण? स्वतः पंतच!

पुढे देवळांच्या पाट्याच वाचत सुटलो. बारामतीत सिद्धेश्वर आणि काशीविश्वेश्वर. तालुक्यातल्या मोरगावात मयूरेश्वर. इंदापुरात इंद्रेश्वर. चार देव, नियम एकच : अ + ई = ए. सिद्ध + ईश्वर, विश्व + ईश्वर, मयूर + ईश्वर, इंद्र + ईश्वर.

पण ‘ए’च का? म्हणून बघा. ‘अ’ला तोंड उघडं, ‘ई’ला जीभ पार टाळ्याजवळ. दोन्ही सलग म्हणायची कसरत नको म्हणून जीभ मधल्या जागी तडजोड करते. तोच ‘ए’! आपल्याला वाटतं, पाणिनीने नियम लादले. बॉस, लोक तसं बोलतच होते, त्याने ते नेमकं टिपून ठेवलं.

इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, संगमावर थांबलो. इथे नीरा भीमेला मिळते. पुढे नाव फक्त भीमेचं, पाणी मात्र दोघींचं. ‘अत्यधिक’मधल्या ‘अति’चा ‘इ’ही असाच. दिसत नाही, पण ‘य’ होऊन आत असतोच.

तेवढ्यात आईचा फोन. ‘‘अगं, कुठे आहेस?’’

‘‘येतेय!’’ म्हटलं आणि हसूच आलं. येते + आहे = येतेय. पुस्तकातला संधी नाही हा, पण जिभेची तडजोड तीच. आणि ही मी कधीच पाठ केली नव्हती!

ऑफिससाठी टिप : मेल पाठवण्याआधी शब्द फोडून बघा. पुनः + रचना = पुनर्रचना. विसर्गाचा ‘र्’ होतो, म्हणून ‘र’ दोनदा. लाल गोल टळेल!