जुन्या गाड्यांचे मोल (लेखांक ६) : जंगलातली जीप आणि तिचे कागद

मागच्या लेखांकात अमेरिकन ‘मसल कार’चा जन्म आणि अस्त पाहिला. १९६४ साली पाँटियाकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली. तरुणांनी ती डोक्यावर घेतली आणि जेमतेम दहा वर्षांत विम्याचे चढते हप्ते, धुरावरचे कायदे व १९७३ चे तेलसंकट यांनी तो जमाना संपवला. आता प्रश्न असा की याच गाड्यांसाठी आजचा संग्राहक जे पैसे मोजतो, ते नेमके कशाचे? वेगाचे म्हणावे, तर आजच्या कित्येक साध्या कौटुंबिक गाड्या त्यांना मागे टाकतील. रूपाचे म्हणावे, तर हुबेहूब नकला मिळतात आणि त्या अस्सलच्या मानाने फारच स्वस्त असतात. माझे म्हणणे असे की पैसे पडतात ते गाडीच्या सिद्ध झालेल्या ओळखीचे. ही गाडी तीच आहे, तिने हे हे केले आहे, आणि त्याचा हा पुरावा, एवढ्यावर सौदा ठरतो. हे खरे असेल, तर चंद्रपूर आणि गडचिरोलीत जुनी जीप विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही ते समजून घ्यायला हवे.

पुरावा त्या बाजारातच आहे. साध्या टेम्पेस्ट किंवा लमान्सला जीटीओची चिन्हे लावून विकण्याचे प्रकार इतके झाले, की जाणता खरेदीदार आधी इंजिनावर ठोकलेला क्रमांक चॅसिसशी जुळतो का ते पाहतो. क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला कारखान्याचा जुना कागद सापडला, तर त्या कागदाने किंमत बदलते. सगळ्यात बोलके उदाहरण ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेल्या हिरव्या मस्टँगचे. १९७४ साली एका कुटुंबाने ती सहा हजार डॉलरला घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. ती परत विकत मिळावी म्हणून मॅक्वीनने मालकाला लिहिलेले पत्रही त्या घरात जपलेले होते. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, तेव्हा तिचा रंग उडालेला होता, पत्रा गंजलेला होता आणि खाली कॅमेरा बसवण्यासाठी केलेले वेल्डिंग तसेच होते. ती नव्यासारखी रंगवून काढली असती, तर ओळखीचा बराचसा भाग त्या रंगाखाली गेला असता.

आपल्या भागात मसल कार नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. गाड्यांचे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच पुढे वाव देण्याचे सरकारी धोरण ठरले आणि १९५४ मध्ये कंपनीने तो कारखाना बंद केला, म्हणजे जीटीओच्या बरोबर दहा वर्षे आधी. टिकली ती जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्धानंतर त्यांतल्या काही ‘डिस्पोजल’च्या मालात इथे विकल्या गेल्या, आणि १९४७ पासून महिंद्राने विलीजच्या परवान्यावर मुंबईत जुळणी सुरू केली. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूला पावसाळ्यात नाले रस्ता अडवत, तिथे चारही चाकांना जोर देणारी ही गाडी चैनीची वस्तू नव्हती. आज संग्राहक ‘लो बॉनेट’ जीप शोधतात. १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलमध्ये इंजिन उंच झाले आणि त्याबरोबर बॉनेटही, म्हणून त्याआधीच्या बसक्या नाकाला मान. फोर्डच्या युद्धकालीन जीपच्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ अक्षर कोरलेले असे. विलीजच्या चॅसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, तर फोर्डचा चौकोनी. दांडा एका कंपनीचा आणि बोल्ट दुसरीचे निघाले, की जाणकाराला दोन गाड्यांची एक केलेली दिसते.

यावर पहिला आक्षेप येईल तो तुलनेवर : साठ अश्वशक्तीची जीप कुठे आणि मसल कार कुठे! पण किंमत ताकदीची नसून ओळखीची आहे, हेच तर वर पाहिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जंगलभागात गाडी शोभेची नव्हती. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवले, पत्रा सडला म्हणून गावच्या मिस्त्रीने नवा ठोकला. ही गाडी आता अस्सल नाही का? माझ्या मते ती अस्सलच आहे. मस्टँगखालचे वेल्डिंग जसे तिच्या कामाचा भाग होते, तसे हे डिझेल इंजिनही आहे, मात्र ते कधी आणि का बदलले याची नोंद हवी. खरे नुकसान दुसऱ्याच बदलांनी होते. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या धर्तीवर रुंद टायर, चकचकीत बंपर आणि चढवलेली बॉडी लावली, की जीपचा भूतकाळ पुसला जातो. शिवाय कारखान्याने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. असा सौदा घेणाऱ्याच्या अंगलट येऊ शकतो.

कायद्याची दुसरी बाजू मला खटकते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, प्रमाणपत्र दहा वर्षांचे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या वापराला मनाई. यातले काहीच गैर नाही. पण चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी या नोंदणीला पात्र ठरत नाही. म्हणजे झाकपाक करून उभी ठेवलेली शहरातली गाडी सुखाने आत येणार आणि पन्नास वर्षे जंगलात राबलेली जीप बाहेर राहणार. जुना, कागदोपत्री सिद्ध होणारा बदल नियमात वेगळा धरायला हवा.

आणि कागद म्हटले, की सरकारी गाड्यांचा विषय निघतोच. वनखात्याच्या गाडीला लॉगबुक असते : कोण गेले, कुठून कुठे, किती किलोमीटर. अमेरिकन संग्राहक आसनाखालच्या एका चिटोऱ्यासाठी हपापतो, इथे वर्षानुवर्षांची दैनंदिनी आहे. पण गाडी लिलावात निघते तेव्हा लॉगबुक तिच्याबरोबर जात नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द होते, त्यामुळे आता लिलावापेक्षा भंगाराची वाट जवळची झाली आहे. चंद्रपूरच्या वन अकादमीने प्रत्येक पिढीतली एक गाडी लॉगबुकासह ठेवून घ्यावी. खर्च किरकोळ आहे. श्रीमंतांच्या छंदासाठी सरकारने का झिजावे, असे कोणी विचारील, तर उत्तर हे की हा संग्रह जिल्ह्याच्या कामाचा असेल आणि तो विकायचाच नसेल.

जीपचे बरेचसे कागद हातून गेलेच आहेत, पण जिप्सीचे अजून गेलेले नाहीत. १९८५ साली आलेली मारुतीची ही गाडी ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा फाटकांवर पर्यटकांना नेत आली आहे. तिचे उत्पादन थांबले आहे. १९७५ च्या सुमारास मसल कार जशी कोणालाच नकोशी जुनी गाडी होती, त्या अवस्थेकडे जिप्सी निघाली आहे. तिच्यातल्या पहिल्या गाड्या २०३५ मध्ये पन्नाशीच्या होतील. आज ज्याच्याकडे अशी गाडी आहे, त्याने आरसी बुक, पहिल्या खरेदीची पावती, विम्याचे जुने कागद आणि मिस्त्रीची बिले एका पिशवीत घालून ठेवावीत, आणि गाडी विकताना ती पिशवीही नव्या मालकाच्या हाती द्यावी.