बोलून का होते?

विदर्भात मनाच्या आजाराचा विषय काढला की पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं, "मी काय पागल आहो का?" पवनी तालुक्यातलं अड्याळ याला अपवाद नाही. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला इकडची माणसं आजही ‘पागलखाना’च म्हणतात, आणि मानसोपचार म्हणजे तिथे नेऊन कोंडणं, असा समज त्यातून घट्ट झाला आहे. खरं तर त्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे तपासून घेऊन लोक त्याच दिवशी घरी परततात. झोप उडणं, सतत धास्ती वाटणं, कशातच मन न लागणं, दारू सुटत नाही म्हणून घरात रोज भांडण होणं, एवढ्यासाठीही मदत मागता येते.

दुसरा समज अधिक खोल आहे, "बोलून का होते?" समुपदेशक चार गोष्टी समजावणार, धीर देणार, ते तर घरातले वडीलधारेही करतात. त्या धीराचं मोल मोठं आहे, पण उपचाराचं काम वेगळं असतं.

समजा, धानावर तुडतुडा आला, पीक हातचं गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं. एक शेतकरी हळहळतो, चिडतो आणि पुढच्या हंगामाच्या तजविजीला लागतो. दुसरा अंथरूण धरतो, कारण त्याच्या मनात एक वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं: ‘कर्ज फेडता आलं नाही, म्हणजे मी नालायक.’ अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकं हे वाक्य हाती घेते. कर्ज थकलं हे खरं, पण त्यावरून अख्खा माणूस नालायक कसा ठरला? शेजाऱ्याचं थकलं असतं तर त्यालाही तेच म्हटलं असतं का? उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं आणि नवा विचार रोजच्या वागण्यात घोटायचा. मुंबईच्या किशोर फडके यांनी १९६८पासून एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि ती महाराष्ट्रात रुजवली. कर्ज हा मनाचा खेळ आहे, असं ही पद्धती म्हणत नाही. कोणी समुपदेशक तसं म्हणत असेल तर तो चुकतो आहे. कर्जाशी आणि बँकेशी झुंजायला माणूस आधी उभा राहिला पाहिजे, एवढाच तिचा आग्रह आहे.

सिनेमे पाहून आणखी एक चित्र मनात बसलं आहे: कोचावर आडवं होऊन वर्षानुवर्षं बालपण उगाळायचं. ते फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं चित्र आहे आणि ती अनेक वाटांपैकी एक वाट आहे. कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशकाच्या निखळ, न्यायनिवाडा न करणाऱ्या ऐकण्याला उपचाराचा गाभा मानलं. ॲरन बेक यांनी नैराश्यातल्या विचारांच्या ठरावीक चुका दाखवल्या. वर्तनावर भर देणारे उपचारक आधी कृती बदलायला लावतात. आज यांतल्या अनेक पद्धती थोडक्या बैठकांत चालतात.

"हे शहरातल्या शिकलेल्यांचं काम," हा समज तर पुराव्यानंच खोटा ठरला आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या गेल्या. त्या देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. बंद पडलेली कामं, भेटीगाठी छोट्या पायऱ्यांनी पुन्हा सुरू करायच्या, हा उपचाराचा गाभा. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानंतर २७.२ टक्के झाले. मदत दारात आली की गावकरी ती घेतात, हे मला या आकड्यांत सर्वांत मोलाचं वाटतं.

गोळ्या की बोलणं, हा वादही निरर्थक आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषध टाळणं धोक्याचं. सौम्य नैराश्यात अनेकदा बोलण्याचा उपचार पुरतो, तीव्र नैराश्यात दोन्ही लागू शकतात. गावभर बोभाटा होईल ही भीती असेल तर एवढं सांगतो: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर उपचार करणाऱ्यानं रुग्णाची माहिती बाहेर सांगायची नसते.

अड्याळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसिक आरोग्य सेवेची चौकशी करा. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरात कोणी ‘आता जगून काय करू’ असं म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि हा फोन आजच लावा.