नाताळच्या ताटासाठी टर्कीऐवजी कोणता पक्षी पाळावा?

नाताळ जवळ आला म्हणजे शहरातील बाजारात मोठ्या, भरल्या अंगाच्या पक्ष्यांना मागणी येते, व त्याबरोबरच टर्कीचे नाव कानांवर पडू लागते. एका टर्कीस चार-पाच कोंबड्यांइतकी किंमत येते हे ऐकून काही उत्साही कुक्कुटपालक त्याची पिल्ले आणावयास निघतात. म्हणून टर्की आपल्या भागास कितपत मानवतो, ज्यांच्या घरी नाताळ साजरा होतो त्या कुटुंबांना तो खरोखर हवा असतो काय, व त्याच्या जागी कोणता पक्षी तयार केल्यास खाणारा व पाळणारा या दोघांचेही हित साधेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार आंबेगाव तालुक्यातील लोणी गाव डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगरात मुसळधार पाऊस पडतो. परंतु पूर्वेकडील लोणी-धामणीचा पट्टा पर्जन्यछायेत येतो व तेथे पावसाचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी अंगणातील पंधरा-वीस कोंबड्या हा घरातील स्त्रीच्या हातखर्चाचा मोठा आधार असतो. तो पैसा पाच महिने एकाच पक्ष्यात गुंतवावयाचा व वर्षातील एका दिवसाच्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहावयाचे, हा निर्णय पूर्ण हिशेब केल्यावाचून घेणे योग्य नव्हे.

टर्की हा पाहुणा पक्षी

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तो जगभर पसरला. इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहाकडे जे नवलाचे प्राणी व पक्षी आणले, त्यांत टर्कीही होता, आणि मन्सूर या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. म्हणजे हा पक्षी आपल्या देशात येऊन चारशे वर्षे लोटली. तरीही तो आपल्या अंगणात कोंबडीसारखा रुळला नाही. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण पिल्लांच्या संगोपनाचे. टर्कीची पिल्ले पहिल्या काही दिवसांत आपण होऊन दाणा-पाणी घेण्यास शिकत नाहीत. समोर खाद्य असूनही ती उपाशी मरतात. त्यांना हाताने भरवावे लागते. त्यांच्या सुरुवातीच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा २८ च्या आसपास लागते, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांपेक्षा पुष्कळच अधिक.

दुसरे कारण रोगाचे. कोंबड्यांच्या आतड्यांत राहणाऱ्या एका जंताच्या अंड्यांतून काळतोंड्या नावाने ओळखता येईल असा यकृताचा रोग टर्कीला जडतो. कोंबडी तो सहसा सोसते. टर्की मात्र दगावतो. ही अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे जेथे कोंबड्या फिरल्या, त्याच अंगणात टर्की पाळणे धोक्याचे असते. आणि आपल्या खेड्यात कोंबडी न फिरलेले अंगण सापडणे कठीण.

तिसरे कारण खर्चाचे. साधारणपणे १ किलो वजन वाढण्यास टर्कीला ३ किलोच्या आसपास खाद्य लागते. सात किलोंचा नर तयार करावयाचा म्हणजे सुमारे २० किलो खाद्य त्याच्या पोटात जावयाचे. असा पक्षी पंधराव्या आठवड्यात मेला, तर त्याच्याबरोबर खाद्याचे जवळजवळ सारे पैसे गेले. कोंबडा मेल्यास होणारी हानी याच्या कितीतरी पटींनी कमी असते.

गिऱ्हाइकाची खरी गरज

आता खाणाऱ्याच्या बाजूने पाहू. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे १८३१ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून त्या जिल्ह्यात व पुणे जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. या घरांतून नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांचा फराळ होतो आणि जेवणात कोंबडीचा अथवा मटणाचा रस्सा असतो. वसईकडील ख्रिस्ती समाजात बदकाच्या मोयलीचे महत्त्व आहे. इंग्लंडातही टर्कीचा प्रसार होण्यापूर्वी सामान्य माणसाचा नाताळचा पक्षी हंस हाच होता, आणि पोलंड व चेक देशांत नाताळच्या पूर्वसंध्येस आजही कार्प मासा शिजतो. तात्पर्य, टर्की म्हणजेच नाताळ असा नियम कोठेही नाही. ज्या प्रदेशात जे चांगले पिकते व पोसले जाते, तेच तेथील सणाच्या ताटात आले आहे.

शिवाय स्वयंपाकघराची सोय पाहावयास हवी. सहा-सात किलोंचा अखंड पक्षी भाजावयास मोठी भट्टी व तीन-चार तास लागतात. आपल्याकडील बहुतेक घरांत गॅसची शेगडी अथवा चूल व मोठे पातेले असते. पाहुण्यांसह दहा माणसे जेवावयास असली आणि प्रत्येकी पाव किलो हाडासकट मांस धरले, तर अडीच किलो मांस लागते. साफ केल्यावर पक्ष्याच्या जिवंत वजनाच्या शेकडा ७० च्या आसपास मांस मिळते, असे धरल्यास पावणेदोन-पावणेदोन किलोंचे दोन कोंबडे या पंगतीस पुरे होतात. टर्की घेतल्यास निम्मे मांस उरते व ते टिकविण्याची चिंता मागे लागते.

कोणते पर्याय आहेत?

(१) सुधारित जातीचा कोंबडा : लोणीसारख्या गावास हा सर्वांत भरवशाचा पर्याय होय. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा अथवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या जाती अंगणात फिरून पोट भरतात. पहिले सहा आठवडे चांगले खाद्य व ऊब दिल्यास त्यांचे नर १४ ते १६ आठवड्यांत पावणेदोन-दोन किलोंच्या घरात जातात. त्यांचे मांस घट्ट व चवदार असते. मंद आचेवर, सुके खोबरे, कांदा व लसूण यांच्या वाटणात त्याचा रस्सा उत्तम होतो. अखंड पक्षी हवा असल्यास पोटात खिमा व उकडलेली अंडी भरून, जाड बुडाच्या पातेल्यात ठेवून झाकणावर निखारे घालावेत. म्हणजे भट्टीवाचून तो दोन्ही बाजूंनी खरपूस होतो.

गावरान कोंबड्यास भाव अधिक मिळतो; परंतु तो सावकाश वाढतो. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआची जात, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नावाजली आहे. पण तिला १ किलोच्या आसपास पोहोचण्यास पाच महिने लागतात. भरल्या ताटासाठी ती सोयीची नाही.

(२) गिनी कोंबडी : अंगावर ठिपके असलेला हा पक्षी कोरड्या हवेस चांगला मानवतो. किडे, तणाचे बी व सांडलेले दाणे खाऊन तो आपला बराचसा निर्वाह करतो, व परका माणूस किंवा साप दिसताच ओरडून घर जागे करतो. १२ ते १६ आठवड्यांत त्याचे वजन एक ते सव्वा किलो भरते. अंडी मुख्यतः उन्हाळ्यात व पावसाळ्यात मिळतात, हे नाताळच्या दृष्टीने सोयीचेच आहे. मात्र पिल्लांना ओल व गारठा मुळीच सोसत नाही. याच्या मांसात चरबी थोडी असते. म्हणून ते कोरडे न भाजता दाट रश्श्यात शिजवावे.

(३) पेकिन बदक : हे पांढरे बदक ७ ते ८ आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोंचे होते. त्याला पोहण्यास तळे लागतेच असे नाही; चोच व डोळे बुडतील एवढे खोल पाण्याचे भांडे पुरते. तथापि ते पाणी सांडते व घाण करते. लोणीच्या परिसरात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. पण हे बदक ऑक्टोबर अखेरीपासून डिसेंबरपर्यंतच, म्हणजे विहिरींना पाणी असताना, ठेवावयाचे असल्याने ज्याच्या घरी पाण्याची सोय आहे त्याने थोडी बदके करून पाहण्यास हरकत नाही. पिल्ले मिळण्याची व गिऱ्हाइकाची खात्री आधी करून घ्यावी.

(४) जपानी लावा : हा लहान पक्षी १९७४ मध्ये आपल्या देशात पाळण्यासाठी आणला गेला. पाच आठवड्यांत तो सुमारे २०० ग्रॅमचा होतो. लहान कुटुंबास माणशी एक असा तो तव्यावर परतता येतो. रानातील लावे पकडणे व विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे कोणी विसरू नये.

मोठ्या पंगतीसाठी बोकडाचे मटण वाट्यांनी घेण्याची आपली जुनी रीत आहेच. संगमनेरी शेळी पुणे, नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांचीच असल्याने ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनी चार-पाच कुटुंबे आधी ठरवून एक बोकड राखून ठेवावा.

२५ डिसेंबरपासून मागे मोजा

सणाची तारीख पक्ष्यासाठी थांबत नाही. म्हणून विक्रीच्या दिवसापासून मागे मोजून पिल्ले आणावयास पाहिजेत. सुधारित कोंबडे व गिनी कोंबड्या १६ आठवड्यांच्या करावयाच्या असल्यास एक दिवसाची पिल्ले सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आली पाहिजेत. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवावयाची असल्यास कोंबडीची अंडी २१ दिवसांनी उबतात, म्हणून ती १२ ऑगस्टच्या सुमारास ठेवावीत. गिनी कोंबडीच्या अंड्यांस २६ ते २८ दिवस लागतात, म्हणून ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठेवावीत. बदकाची पिल्ले ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, व लाव्यांची नोव्हेंबरच्या मध्यास आणावीत.

उरलेल्या पक्ष्यांचे काय, हा प्रश्न येथेच सोडवावा. नाताळच्या सुमारास बहुधा मार्गशीर्ष किंवा पौष महिना असतो. मार्गशीर्षात आपल्याकडील पुष्कळ घरे मांसाहार टाळतात. त्यामुळे गावातील मागणी मंद असते, अशा वेळी नाताळचे गिऱ्हाईक उपयोगी पडते. त्यातूनही कोंबडे उरले, तर माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांत ते सहज खपतात. टर्कीच्या बाबतीत ही दुसरी वाट नाही, आणि हाच दोहोंतील मुख्य फरक होय.

रोग व खाद्य यांविषयी दक्षता

कोंबडीच्या पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस द्यावी. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची, व चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा द्यावी. पुढे मानमोडीची दुसरी लस व देवीची लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. सप्टेंबरात पाऊस असतो. म्हणून खुराड्यातील भाताचे तूस रोज हलवून कोरडे ठेवावे.

बुरशी आलेली शेंगदाणा पेंड किंवा मका पक्ष्यांना कदापि घालू नये. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की एका अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती त्याचे कारण खाद्यातील बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड हे निघाले व अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख जगाला पटली. बदकाच्या पिल्लांना हे विष फारच लवकर बाधते. पेंड फोडून पाहावी, वास घ्यावा. कुबट वास आला तर ती टाकून द्यावी.

हिवाळ्यात बर्ड फ्ल्यूचे भय असते. आपल्या राज्यात २००६ मध्ये नवापूर येथे तो प्रथम आढळला. एकाएकी बरेच पक्षी मेल्यास ते विकू नयेत, खाऊ नयेत, उघड्यावर टाकू नयेत. ताबडतोब दवाखान्यास कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा बचत गटाने केलेले बरे. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची मात्रा असते व कुपी फोडल्यावर ती काही तासांतच वापरावी लागते. पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले आणली, तर एका कुपीत साऱ्यांचे काम होते व लस वाया जात नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी जुलैतच गटाची बैठक घेऊन घरवार यादी करावी व पिल्लांची मागणी खडकी, पुणे येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडे अथवा विश्वासू केंद्राकडे वेळेवर नोंदवावी. नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्राचाही सल्ला घ्यावा.

विक्रीची बोलणी नोव्हेंबरातच करावीत. शिरूर, मंचर व पुणे येथील ख्रिस्ती कुटुंबांना व त्यांच्या महिला मंडळांना भेटून किती पक्षी, किती वजनाचे व कोणत्या दिवशी हवेत हे लिहून घ्यावे आणि थोडी इसाऱ्याची रक्कम घ्यावी. भाव वजनावर ठरवावा, नगावर नव्हे. पिल्ले, खाद्य, लस, वाहतूक व मेलेले पक्षी हा सारा खर्च वहीत मांडून मगच नफा मोजावा.

प्रथम वर्षी दर घरी पंधरा-वीस कोंबड्यांपेक्षा अधिक वाढवू नयेत. गिऱ्हाइकाने पुढील वर्षासाठी आपण होऊन नाव नोंदविले, तर संख्या वाढविण्यास तीच खरी संमती समजावी.